कागदाचा अग्निबाण

दिवाळी आली की मुले बाण उडवतात. बाटलीत काडी उभी करायची, वात पेटवायची आणि मागे पळायचे. सुर्रकन आवाज होतो. बाण वर जातो. सगळ्यांच्या माना वर होतात.

आपण सर्वांनीच लहानपणी हे केले आहे. पण बाण वर का जातो, असे कुणी विचारले तर? "दारूच्या जोराने जातो," एवढेच आपण सांगतो. अहो, दारू तर सुतळी बॉम्बमध्येही असते. मग तो का नाही वर जात? तो जागच्या जागी का फुटतो?

या पाठात आपण तेच समजून घेणार आहोत. त्याबरोबरच एका आगळ्या छंदाची माहितीही घेणार आहोत. अमेरिकेत काही हौशी लोक कागदाचे अग्निबाण करतात. अग्निबाण म्हणजेच रॉकेट. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी ही मंडळी मोकळ्या माळावर जमतात आणि आपापले बाण उडवतात. त्यांत म्हातारे असतात, बाया असतात आणि आठ-दहा वर्षांची मुलेही असतात. कुणाला इजा होऊ नये म्हणून त्यांनी नियम केले आहेत. ते नियम सर्वजण कसोशीने पाळतात.

आमचा मुलगा नोकरीसाठी तिकडे कोलोरॅडो नावाच्या राज्यात राहतो. २०१८ साली आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. जून महिन्यात असा एक मेळावा आम्ही डोळ्यांनी पाहिला. तेव्हापासून त्याविषयी लिहावे असे मनात होते. का होते, ते पुढे सांगतो.

बाण वर का जातो?

आधी एक साधा प्रयोग करून पाहू. त्याला आग लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

एक फुगा घ्या. तो फुगवा, पण तोंड बांधू नका. बोटांनी दाबून धरा. आता फुगा सोडून द्या. काय होते? फुगा घरभर सैरावैरा पळतो. हवा मागे जाते आणि फुगा पुढे जातो.

दुसरे उदाहरण घ्या. होडी काठाजवळ उभी आहे. होडीतून तुम्ही काठावर उडी मारता. तुम्ही पुढे जाता, पण होडी मागे सरकते. असे का होते? तुम्ही होडीला पायाने मागे रेटले. होडीनेही तुम्हाला तेवढेच पुढे रेटले. एकाने दुसऱ्याला रेटले की दुसराही पहिल्याला उलट बाजूला तितकाच रेटतो. हा निसर्गाचा नियम आहे. न्यूटन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १६८७ साली ग्रंथात लिहून ठेवला.

बाणाचे असेच आहे. त्याच्या नळीत दारू ठासलेली असते. शोरा, गंधक आणि कोळसा मिळून ही दारू होते. ती पेटली की गरम वायू तयार होतो. त्याला जायला खाली एकच बारीक भोक असते. वायू त्या भोकातून जोराने खाली जातो आणि बाण वर जातो.

आता सुतळी बॉम्बचे पाहा. त्याला सगळीकडून घट्ट गुंडाळलेले असते. वायूला बाहेर जायला वाटच नसते. आत दाब वाढतो, वाढतो आणि वेष्टण फुटते.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. भोक मोकळे असेल तर बाण. भोक बुजले तर बॉम्ब. दारू तीच. या दोहोंत अंतर फार थोडे आहे. घरी दारूशी खेळणाऱ्या मुलांचे हात जातात ते याच कारणाने.

जोड्यांच्या दुकानदाराचे पत्र

हा छंद सुरू कसा झाला, ती हकिगत वाचण्याजोगी आहे.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे एक गाव आहे. तेथे ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे जोड्यांचे दुकान होते. शोभेच्या दारूचा त्यांना नाद होता आणि त्या कामाची चांगली माहितीही होती. त्यांच्या भावाला, रॉबर्टला, लहान विमाने करून उडवण्याची हौस होती. अग्निबाण कसा चालतो हे भावाला लोकांना दाखवून द्यायचे होते. त्यासाठी कार्लाइल यांनी १९५४ साली एक छोटा बाण बनवला. बाणाचे अंग कागदाचे होते. दारूची नळी वेगळी होती. ती जळून गेली की काढून टाकायची आणि नवी घालायची. बाण वर गेला की त्यातून छत्री उघडे आणि बाण हळूहळू खाली येई. म्हणजे तोच बाण पुनःपुन्हा उडवता येई.

त्याच सुमारास तिकडच्या मुलांना अग्निबाणाचे वेड लागू लागले होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. मग तर ते वेड फारच वाढले. मुले काय करीत? लोखंडाची नळी घेत. घरच्या घरी दारू कालवीत. ती नळीत ठाशीत आणि पेटवीत. कित्येक नळ्या हातातच फुटत. लोखंडाचे तुकडे अंगात घुसत. कुणाची बोटे गेली, कुणाचे डोळे गेले, कुणी जिवास मुकले.

जी. हॅरी स्टाइन नावाचे एक जाणकार सरकारी अग्निबाणांच्या तळावर काम करीत होते. तो तळ न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स येथे आहे. अग्निबाणाचे काम किती जपून करावे लागते, यावर त्यांनी एका मासिकात लेख लिहिला. ही १९५७ सालच्या सुरुवातीची गोष्ट. तो लेख जोड्यांच्या दुकानदाराने वाचला. त्यांनी स्टाइन यांना पत्र लिहिले आणि आपल्या बाणांचे नमुने पाठवले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले. मुलांच्या हाती देण्याजोगी वस्तू हीच, हे त्यांनी ओळखले.

त्याच वर्षी स्टाइन यांनी डेन्व्हर शहरात असे बाण विकणारी कंपनी काढली. हौशी लोकांची संस्थाही त्याच वर्षी उभी राहिली. पण दारूच्या नळ्या हाताने भरल्या तर एक कमी भरते, एक जास्त भरते. म्हणून व्हर्न एस्टेस नावाच्या कारागिराने नळ्या भरणारे यंत्र तयार केले. त्या यंत्राचे नाव त्यांनी 'मेबल' ठेवले होते. आता सर्व नळ्या सारख्या भरू लागल्या. दारूला हात लावण्याची कुणाला गरज उरली नाही.

पाहा, केवढे काम झाले! एकाने लिहिले, दुसऱ्याने वाचले आणि पत्र पाठवले. त्यातून हजारो मुलांचे हातपाय वाचले. तुम्हीही आता लिहू-वाचू लागला आहात. एका पत्राची किंमत किती असते, ते यावरून समजावे.

बाणाची रचना

आता बाण कसा असतो ते पाहू.

बाणाचे अंग म्हणजे जाड कागदाची पोकळ नळी. वर निमुळते टोपण असते. ते लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे असते. धातूचे टोपण चालत नाही. कारण बाण कुणाच्या अंगावर पडला तरी जखम होऊ नये. लहान मुलांचा बाण वजनाला १०० ग्रॅमच्याही आत असतो.

खालच्या बाजूला तीन किंवा चार पंख असतात. आपल्या दिवाळीच्या बाणाला लांब काडी असते ना? काडीमुळे बाण सरळ जातो. काडी मोडली तर तो वेडावाकडा पळतो. येथे काडीचे काम पंख करतात. धनुष्याच्या बाणाला मागे पिसे लावतात, तीही याचसाठी.

नळीच्या पोटात दारूची लहान नळी बसवतात. ती कारखान्यातून बंद होऊन येते. तिच्यात तीन थर असतात. पहिला थर जळतो आणि बाण वर जातो. हे काम एका सेकंदाच्या आत-बाहेर आटोपते. दुसरा थर हळूहळू जळतो. तेवढ्या वेळात बाण आपल्याच वेगाने आणखी वर चढतो. मग तिसरा थर पेटतो आणि वरच्या बाजूला फट्ट करून उडतो. त्याने टोपण निघते व छत्री बाहेर पडते. छत्री जळू नये म्हणून तिच्याखाली आग न धरणाऱ्या कागदाचे बोळे घालतात. टोपण हरवू नये म्हणून ते रबरी दोरीने अंगाला बांधलेले असते.

प्रत्येक नळीवर एक खूण छापलेली असते. उदाहरणार्थ 'ए ८-३'. ही खूण ज्याला वाचता येते त्यालाच नळी निवडता येते. 'ए' हे ताकदीचे अक्षर. त्यानंतर 'बी', मग 'सी'. दर पुढच्या अक्षराची ताकदीची हद्द आधीच्या अक्षराच्या दुप्पट असते. '८' हा आकडा रेट्याचा आहे. साधारण ८०० ग्रॅम वजन तोलून धरील एवढा तो रेटा. '३' म्हणजे दारू जळाल्यावर तीन सेकंदांनी छत्री उघडेल. चुकीचा आकडा निवडला तर छत्री फार लवकर उघडते आणि फाटते. नाहीतर फार उशिरा उघडते आणि बाण जमिनीवर आपटतो.

मेळाव्याचा दिवस

आम्ही सकाळी लवकर निघालो. तिकडे जूनमध्ये आपल्यासारखा पाऊस नसतो. कडक उन्हाळा असतो. गवत वाळून कोळ झालेले असते. दुपारनंतर वारा सुटतो आणि कधी गडगडाटही होतो. म्हणून ही मंडळी सकाळचाच वेळ धरतात.

माळ मोठा होता. झाडे नव्हती, विजेच्या तारा लांब होत्या. जागा किती हवी याचाही नियम आहे. 'ए' नळीला निदान १०० फूट रुंद जागा हवी, 'बी'ला २०० फूट, 'सी'ला ४०० फूट. बाण उभे करायच्या जागेभोवतीचे वाळके गवत काढून टाकले होते. पाण्याची पिंपे भरून ठेवली होती. आग विझवण्याची साधने हाताशी होती. ज्या दिवसांत वणव्याची भीती फार असते त्या दिवसांत मेळावाच रद्द करतात. त्याबद्दल कुणी कुरकुर करीत नाही.

एका बाजूला कापडी मांडव होते. लोकांनी घरून डबे आणले होते. आपल्याकडच्या जत्रेसारखेच वातावरण होते म्हणा ना! फक्त गोंगाट नव्हता.

मांडवात एक टेबल होते. प्रत्येकाने तेथे जाऊन एक कागद भरायचा. आपले नाव, बाणाचे नाव आणि नळीचे अक्षर त्यात लिहायचे. लहान मुलेही स्वतःच्या हाताने लिहीत होती. मग एक वयस्क गृहस्थ तो बाण हातात घेऊन तपासत. पंख घट्ट आहेत का? टोपण फार सैल नाही ना? छत्री नीट घडी केली आहे का? काही खोट दिसली तर बाण परत. मोठ्या माणसाचा असो की लहान पोराचा असो, नियम एकच.

बाण उभा करायला लोखंडाची पातळ सळई असते. ती सुमारे तीन फूट उंच असते. बाण तिच्यावरून सरकत वर जातो. सुरुवातीला वेग कमी असतो, तेव्हा पंखांना हवा पकडता येत नाही. तेवढ्यापुरता सळईचा आधार. सळईखाली पत्र्याची तबकडी असते, म्हणजे आगीचा लोळ जमिनीला लागत नाही. खाली वाकणाऱ्याच्या डोळ्यात सळईचे टोक जाऊ नये म्हणून टोकाला टोपण घालतात. एवढा बारीक विचार केलेला आहे.

वातीला काडी लावायची पद्धत मुळीच नाही. नळीच्या भोकात एक बारीक तार घालतात. तिला लांब वायर जोडतात. निदान १५ फूट दूर उभे राहून बटण दाबले की तारेत वीज येते, तार तापते आणि दारू पेटते. बटणाच्या पेटीला एक किल्ली असते. किल्ली घातल्याशिवाय बटण चालत नाही. बाणाजवळ माणूस असेल तेव्हा ती किल्ली पेटीतून काढून घेतलेली असते. मग चुकून बटण दाबले गेले तरी काही होत नाही.

सर्व तयार झाले की एक जण मोठ्याने उलटे आकडे मोजतो. "पाच, चार, तीन, दोन, एक!" सर्वांनी उभे राहून पाहायचे. बटण दाबले की सुर्र! बघता बघता बाण ठिपक्याएवढा होतो. मग वर रंगीत छत्री उघडते आणि सर्वजण टाळ्या वाजवतात.

उंची कशी मोजतात?

बाण किती वर गेला हे ओळखायची एक सोपी युक्ती तेथे पाहिली. ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

एक चौकोनी कागद घ्या. त्याच्या चारही बाजू सारख्या हव्यात. समोरासमोरचे दोन कोपरे जुळवून तिरकी घडी घाला. तीन कोपऱ्यांचा तुकडा तयार होईल. त्याची एक आखूड बाजू जमिनीला समांतर धरा आणि लांब तिरक्या कडेवरून नजर वर न्या. आता एखाद्या नारळाच्या झाडाकडे पाहा. शेंडा त्या कडेच्या रेषेत येईपर्यंत मागे-पुढे सरका. रेषेत आला की थांबा. तुमच्या पायापासून झाडाच्या बुंध्यापर्यंतचे अंतर मोजा. त्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवा. झाडाची उंची तेवढीच. मात्र जमीन सपाट हवी.

आमच्या नातवाच्या बाणासाठी एक गृहस्थ २०० फुटांवर असे साधन घेऊन उभे होते. बाण बरोबर रेषेत आला. त्यांच्या डोळ्यांची उंची ५ फूट. म्हणजे बाण २०५ फूट गेला. पोर हरखून गेले.

पण हे दुसऱ्या खेपेस झाले. पहिल्या खेपेस काय झाले, ते मुद्दाम सांगतो.

साठ आकडे

नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने महिनाभर खपून बाण केला होता. त्याची पाळी आली. आकडे मोजले. त्याने बटण दाबले. काहीच झाले नाही.

पुन्हा दाबले. बाण आपला जागच्या जागी उभा.

पोराचा चेहरा उतरला. काय बिघडले ते पाहायला तो दोन पावले पुढे सरकला. आमचेही पाऊल त्याच्यामागे पडले. तोच तपासणी करणारे गृहस्थ पुढे आले. त्यांनी हात आडवा केला. ते रागावले नाहीत की ओरडले नाहीत. त्यांनी आधी पेटीची किल्ली काढून घेतली. मग नातवाला म्हणाले, "साठपर्यंत मोज."

नातू मोजू लागला. आम्हीही मनात मोजत होतो. साठ आकडे फार मोठे असतात हो! मोजून झाल्यावर ते गृहस्थ नातवाला घेऊन बाणापाशी गेले. तार भोकातून निसटली होती, एवढेच झाले होते. "का थांबायचं, ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. मग स्वतःच समजावून सांगितले. "कधी आत ठिणगी धुमसत असते. तू वाकून पाहशील आणि तेव्हाच ती पेटेल. मिनिटभर थांबल्याने बाणाचं काही जात नाही. न थांबल्याने तुझा डोळा जाईल."

त्याच दिवशी एका मुलीचा बाण वाऱ्याने वाहत गेला आणि दूरच्या विजेच्या तारांत अडकला. ती रडू लागली. पण कुणी काठी घेऊन धावले नाही, कुणी खांबावर चढले नाही. तारेत अडकलेला बाण सोडून द्यायचा, हा नियम. बापाने तिला जवळ घेतले आणि म्हणाला, "आपण दुसरा करू." आपल्याकडे संक्रांतीला पतंग तारेत अडकला की मुले काय करतात, ते आम्हाला आठवले.

आमची चूक

आणि आणखी एक गोष्ट आठवली. हा पाठ लिहिण्याचे कारण तीच.

आम्ही तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होतो. १९८८ साल असावे. दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, बाण वर कसा जातो?" आम्हाला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. आम्ही म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं वाच. आणि फटाक्यांना हात लावू नकोस."

तो मुलगा हुशार होता. उत्तर मिळाले नाही तेव्हा ते शोधायला तो स्वतःच निघाला. न उडालेले फटाके त्याने गोळा केले. त्यांतली दारू काढून एका पत्र्याच्या डबीत ठासली आणि वात लावली. वात विझल्यासारखी दिसली म्हणून वाकून पाहिले. डबी फुटली. एक डोळा गेला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली.

त्या वेळी गाव म्हणाले, पोरगं द्वाड होतं. आम्हीही मान हलवली. पण खरे काय ते आम्हाला ठाऊक होते. "हात लावू नकोस" हे आम्ही सांगितले. "का लावू नकोस" हे सांगितले नाही. आणि त्याने विचारले होते ते तर सांगितलेच नाही. फुग्याचा प्रयोग करायला पाच मिनिटे लागली असती.

तो मुलगा आता पन्नाशीला आला आहे. गावातच पिठाची गिरणी चालवतो. आम्ही अमेरिकेहून परत आल्यावर त्याला भेटलो आणि मेळाव्याची हकिगत सांगितली. साठ आकडे मोजण्याचे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, हे लिहा. पोरांच्या आईबापांना वाचता येईल असं सोपं लिहा." म्हणून हे लिहिले.

आपल्याकडे काय करावे?

कोणी म्हणेल, अमेरिकेचे बाण आपल्याला काय कामाचे? पण अग्निबाण आपल्या देशाला परके नाहीत. म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू यांच्या सैन्यात लोखंडी नळीचे अग्निबाण होते. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत ते इंग्रजांवर सोडले होते. पुढे इंग्रजांनी तसे बाण स्वतः तयार करून घेतले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या किनाऱ्यावरच्या गावातून आपल्या देशाने पहिला शास्त्रीय अग्निबाण आकाशात सोडला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. ही कामे करणारी माणसेही कधीतरी लहान मुले होती. "हे कसं होतं?" असे त्यांनीही कुणाला तरी विचारले असेल.

म्हणून पहिली गोष्ट ही. मुलाने विचारले तर त्याला गप्प बसवू नका. सुरुवातीला सांगितलेला फुग्याचा प्रयोग त्याच्याबरोबर करा. दोन खांबांना लांब दोरा बांधा. बांधण्याआधी सरबत प्यायच्या नळीचा तुकडा दोऱ्यात ओवा. फुगवलेला फुगा चिकटपट्टीने त्या नळीला चिकटवा आणि तोंड सोडा. फुगा दोऱ्यावरून सरळ धावत जाईल. अग्निबाणाचे सगळे मर्म त्यात आले.

दुसरी गोष्ट. घरी दारू कालवू नका आणि मुलांना कालवू देऊ नका. परवान्याशिवाय दारू करणे हा कायद्याने गुन्हाही आहे. न उडालेल्या फटाक्यांतून दारू काढू देऊ नका. डबीत, नळीत किंवा बाटलीत ती ठासू देऊ नका.

तिसरी गोष्ट. दिवाळीत बाण उडवायचा तर मोकळ्या जागी उडवा. कडब्याची गंजी, गोठा आणि गवताचे छप्पर यांपासून दूर राहा. बाटली पडू नये म्हणून तिच्यात वाळू भरा. पाण्याची बादली जवळ ठेवा. मोठे माणूस जवळ हवेच. फटाका उडाला नाही तर वाकून पाहू नका आणि पुन्हा काडी लावू नका. दूर उभे राहून थांबा. मग लांबूनच भरपूर पाणी ओता.

चौथी गोष्ट. कुणाला भाजलेच तर भाजलेल्या जागेवर साधे पाणी वीस मिनिटे सोडा. शाई, पेस्ट किंवा तूप लावू नका. डोळ्याला लागले तर डोळा चोळू देऊ नका. त्यात घरगुती औषध घालू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि पाचवी गोष्ट. तारेत अडकलेला पतंग सोडून द्या. पतंग दुसरा मिळतो.

यंदाच्या दिवाळीत मुलाने बटण दाबल्यासारखी घाई केली, तर त्याला साठपर्यंत मोजायला सांगा. तुम्हीही त्याच्याबरोबर मोजा. आकडे तर आता तुम्हाला चांगलेच येतात.